हा पेपर कोणाचा, आणि त्याची भावंडं कोणती? मुंबईच्या वृत्तपत्रसमूहांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगावातल्या एका वाचनालयात आठवड्यातले तीन दिवस मी पेपरच्या टेबलाशी बसते. त्याआधी बावीस वर्षं एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काढली. टेबलाशी येणाऱ्यांत पत्रकारितेचा डिप्लोमा करणारी पोरं असतात, जाहीर सूचना कुठे छापायची हे विचारणारे सोसायट्यांचे सेक्रेटरी असतात, आणि रोजच्या अग्रलेखावर हमरीतुमरीवर येणारे काका असतात. तिघांचे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली.

भगिनी प्रकाशन म्हणजे नेमकं काय?

एकाच मालकाची, बहुतेकदा एकाच कंपनीची, पण वेगळ्या नावाची, वेगळ्या नोंदणीची आणि वेगळ्या संपादकाची पत्रं. ‘लोकसत्ता’ आणि ‘इंडियन एक्सप्रेस’ ही भावंडं. ‘लोकसत्ता’ची मुंबई आवृत्ती आणि पुणे आवृत्ती ही भावंडं नव्हेत, तो एकच पेपर. पुरवणी तर पेपरच्या पोटातलीच. परीक्षेत पोरं हे तिन्ही एकमेकांत मिसळतात.

प्रथा जुनी आहे. १८८१ च्या जानेवारीत पुण्यात ‘मराठा’ आणि ‘केसरी’ दोन दिवसांच्या अंतराने निघाले. ‘मराठा’ इंग्रजीत, साहेबाला ऐकू जावं म्हणून. ‘केसरी’ मराठीत, आपल्या माणसांसाठी. त्याच्याही आधी, ६ जानेवारी १८३२ ला, बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढलं, त्यात एकाच पानावर एक स्तंभ मराठीचा आणि एक इंग्रजीचा होता. दोन भाषांचा वाचक एका पत्रात नांदवायचा की त्याच्यासाठी दोन पत्रं काढायची, हा पेच मराठी पत्रकारितेला पहिल्या दिवसापासून चिकटलेला आहे.

मुंबईत कोणाचं काय आहे?

बोरीबंदरासमोरच्या इमारतीपासून सुरुवात करू. १८३८ मध्ये ‘बॉम्बे टाइम्स’ म्हणून जन्मलेलं पत्र १८६१ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झालं. बेनेट आणि कोलमन या दोन इंग्रजांच्या नावाची कंपनी १९४६ मध्ये रामकृष्ण दालमियांनी विकत घेतली, पुढे ती त्यांचे जावई साहू शांतिप्रसाद जैन यांच्याकडे आली आणि आजही जैन कुटुंबाकडेच आहे. कंपनीच्या पाटीवर अजून बेनेट आणि कोलमनच आहेत. ‘इकॉनॉमिक टाइम्स’, हिंदी ‘नवभारत टाइम्स’ आणि १८ जून १९६२ ला निघालेला ‘महाराष्ट्र टाइम्स’ ही त्याच घरातली भावंडं. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती, मराठी वाचक आणि मराठी जाहिरातदार दोघेही दिसू लागले होते, तेव्हा हे पत्र आलं. राज्य झालं नसतं तर ‘मटा’ त्या सुमारास निघाला असता का, याबद्दल मला शंका आहे.

नरिमन पॉइंटच्या एक्सप्रेस टॉवर्सचं नाव रामनाथ गोएंकांशी जोडलेलं. ‘लोकसत्ता’ १४ जानेवारी १९४८ चा, संक्रांतीचा. ‘फायनान्शियल एक्सप्रेस’ आणि हिंदी ‘जनसत्ता’ त्याच समूहाचे. तिथून जवळच फ्री प्रेस हाउस. स. सदानंदांनी उभ्या केलेल्या ‘फ्री प्रेस जर्नल’चं मराठी भावंड म्हणजे ‘नवशक्ति’, १९३४ पासूनचं. बाळ ठाकरे आणि आर. के. लक्ष्मण दोघेही एके काळी ‘फ्री प्रेस’मध्ये व्यंगचित्रं काढत होते, हे काकांना सांगितलं की त्या दिवशीचा वाद तिथेच थांबतो.

गिरगावचं आमचं पत्र ‘नवाकाळ’. नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९२३ मध्ये सुरू केलं आणि अजून खाडिलकरांच्या घरातच आहे. ‘संध्याकाळ’ हे त्याचं सायंदैनिक. ‘सामना’ प्रबोधन प्रकाशनाचा. ‘मार्मिक’ आणि हिंदी ‘दोपहर का सामना’ त्याच दारातले. ‘लोकमत’ दर्डा कुटुंबाचा. लोकमान्यांनी सुचवलेल्या या नावाचं साप्ताहिक बापूजी अण्यांनी यवतमाळला काढलं होतं. दैनिक म्हणून तो नागपूरहून १५ डिसेंबर १९७१ ला निघाला. हिंदी ‘लोकमत समाचार’ आणि इंग्रजी ‘लोकमत टाइम्स’ त्याची भावंडं. ‘सकाळ’ पुण्याचा, डॉ. ना. भि. परुळेकरांचा, १९८५ पासून प्रताप पवारांच्या कुटुंबाकडे. शेतकऱ्यांचा ‘अ‍ॅग्रोवन’ त्यांचाच. ‘पुढारी’ कोल्हापूरच्या जाधवांचा.

गुजराती पत्रं सोडली तर मुंबईचा हिशोब अपुरा राहील. ‘मुंबई समाचार’ १ जुलै १८२२ पासून निघतो आहे आणि १९३३ पासून कामा कुटुंबाकडे आहे. ‘जन्मभूमि’ची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचा मालक सौराष्ट्र ट्रस्ट. राजकोटचा ‘फूलछाब’ आणि भूजचा ‘कच्छमित्र’ त्याच ट्रस्टचे. म्हणजे समूह म्हटला की शेठजी असलाच पाहिजे असं नाही.

मालकाचं नाव पेपरमध्ये कुठे सापडतं?

शेवटच्या पानाच्या अगदी तळाला. डेस्कवर आम्ही त्या ओळीला प्रिंटलाइन म्हणायचो. अक्षर इतकं बारीक असतं की आमच्या टेबलावर त्यासाठी भिंग ठेवलंय, दोरीने बांधून (आधीची दोन गेली). त्या ओळीचा साचा साधारण असा: हे वृत्तपत्र मालक अमुक कंपनीकरिता मुद्रक व प्रकाशक तमुक यांनी अमक्या छापखान्यात छापून अमक्या पत्त्यावर प्रसिद्ध केले, संपादक अमुक. मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक ही चार पदं वेगळी वाचायची. संपादकाच्या नावाशी फुली किंवा चांदणी असते आणि खाली लिहिलेलं असतं की कायद्यानुसार (जुन्या अंकांत ‘पीआरबी कायद्यानुसार’) बातम्यांच्या निवडीची जबाबदारी यांची. बदनामीचा खटला झाला की पहिलं समन्स या चांदणीच्या माणसाला जातं. मालक बहुधा त्या दिवशी कोर्टात नसतो.

पीआरबी म्हणजे ‘प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स’, १८६७ चा, राणीच्या राज्यातला कायदा. तो दीडशे वर्षांहून जास्त चालला. १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी प्रेस व नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ लागू झाला. वृत्तपत्रांची नोंदणी करणाऱ्या दिल्लीतल्या ज्या कार्यालयाला सगळे आरएनआय म्हणत, ते प्रेस रजिस्ट्रार जनरलचं कार्यालय झालं आणि नोंदणीचं काम पोर्टलवर गेलं.

यापेक्षा जास्त हवं असेल तर जुन्या कायद्याच्या काळातल्या, म्हणजे २०२३ पर्यंतच्या, कोणत्याही वर्षाचा मार्चचा पहिला अंक काढा. १९५६ च्या नियमांनी ‘फॉर्म ४’ आणला. फेब्रुवारी संपल्यावर निघणाऱ्या पहिल्या अंकात मालकीचं निवेदन छापायचं आणि त्यात एकूण भांडवलाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त हिस्सा असलेल्यांची नावं-पत्ते द्यायचे. आमच्या डेस्कवर हा मजकूर दर वर्षी जाहिराती कमी असलेल्या पानावर, शब्दकोड्याच्या शेजारी बसवला जायचा. भागधारकांच्या यादीत माणसांऐवजी बऱ्याचदा कंपन्या असतात, त्या कंपन्यांचे भागधारक आणखी कंपन्या. कांद्याची सालं. डिप्लोमाच्या पोरांना मी सांगते, तीन सालं सोलली की डोळ्यांत पाणी येतं, मग कंपनी रजिस्ट्रारच्या नोंदी बघा.

दोन पेपर एकाच छापखान्यात छापले जातात. मग मालक एकच ना?

नाही. छापखाना ही महागडी वस्तू आहे आणि रात्रीचे मोजके तासच ती पेपरसाठी फिरते. उरलेल्या वेळात ती दुसऱ्यांचे अंक छापून भाडं कमावते. प्रिंटलाइनमध्ये ‘करिता’च्या आधी कोणाचं नाव आहे ते बघायचं, छापखान्याचा पत्ता नाही.

आमच्या पेपरवाल्याची पद्धत निराळी. पहाटे चारच्या सुमारास दादर स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर टेम्पो गठ्ठे टाकतात, मग पोरं मांडी घालून पुरवण्या आत सरकवत बसतात. त्याचं म्हणणं असं, ‘‘बाई, ज्या टेम्पोतून इंग्रजी आणि मराठी दोन्ही गठ्ठे उतरतात, ते सख्खे. बिल एकाच हापिसात भरायचं असतं ना.’’ नव्वद टक्के वेळा तो बरोबर असतो. उरलेल्या दहा टक्क्यांत टेम्पोही भाड्याचा असतो.

नाव सारखं असेल तर मालक एक मानायचा का?

मुळीच नाही. नागपूरचा ‘तरुण भारत’ नरकेसरी प्रकाशनाचा. बेळगावचा ‘तरुण भारत’ बाबुराव ठाकुरांनी १९१९ मध्ये सुरू केलेला आणि ठाकुर कुटुंबाचा. दोघांच्या विचारांत आणि तिजोरीत काही नातं नाही. पाहुणे अजून फसतात.

‘इंडियन एक्सप्रेस’ आणि दक्षिणेतला ‘न्यू इंडियन एक्सप्रेस’ यांच्यात पूर्वी भिंत नव्हती. १९९१ मध्ये रामनाथ गोएंका गेले, घरात वाटणी झाली, मुंबई-दिल्लीकडचा भाग विवेक गोएंकांकडे राहिला, दक्षिणेचा मनोजकुमार सोंथालियांकडे गेला. आता ते भाऊबंद आहेत, भावंडं नाहीत.

टीव्हीत तर आणखी गोंधळ. ‘न्यूज१८ लोकमत’ हे चॅनेल ‘लोकमत’ने एकट्याने काढलेलं नाही, ‘आयबीएन लोकमत’ म्हणून २००८ मध्ये दुसऱ्या समूहाबरोबर भागीदारीत सुरू झालं. ‘एबीपी माझा’मधलं एबीपी म्हणजे कोलकात्याची आनंदबझार पत्रिका. आधी ते ‘स्टार माझा’ होतं, २०१२ मध्ये नाव बदललं. ‘माझा’ या शब्दाने आपण फार लवकर विरघळतो.

जाहीर सूचना दोन पेपरांत द्यायला सांगितलंय. एकाच समूहाचे दोन पेपर चालतात का?

सेक्रेटरी लोकांचा हा सर्वांत लाडका प्रश्न. माझ्या मते समूहांचं अर्थशास्त्र कळायला याच्याइतकं चांगलं दार नाही.

थकलेल्या कर्जापोटी बँकेने फ्लॅटचा ताबा घेतला की सात दिवसांच्या आत त्याची नोटीस दोन प्रमुख वृत्तपत्रांत छापावी लागते, आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं हवं. सोसायटीतला सभासद नॉमिनेशन न करता गेला की वारसांकडून दावे मागवणारी सूचना दोन स्थानिक पेपरांत द्यायची, असं आदर्श उपविधी सांगत आलेत. जुने शेअर सर्टिफिकेट हरवलं, जागेचा व्यवहार करण्याआधी वकिलाला टायटल म्हणजे मालकी हक्क तपासायचाय, सगळीकडे इंग्रजी-मराठी अशी जोडी लागते. दोन्ही पेपर वेगवेगळ्या मालकांचे हवेत असं बँकेच्या त्या नियमात म्हटलेलं नाही.

मग एजंट काय करतो? एकाच खिडकीवर जातो, एकाच समूहाचं इंग्रजी आणि मराठी पत्र पकडतो, एकच पावती फाडतो, जोडीचा दर लावून घेतो. मुंबईत ‘फ्री प्रेस जर्नल’ आणि ‘नवशक्ति’ ही जोडी या कामासाठी वकिलांच्या तोंडी वर्षानुवर्षं बसलेली आहे. कोणत्याही दिवशी ‘नवशक्ति’ उघडा: अरुंद स्तंभ, काळ्या चौकटी, ‘तमाम जनतेस कळविण्यात येते की’, मग फ्लॅट क्रमांक, क्षेत्रफळ, चतुःसीमा, ‘पूर्वेस: रस्ता, पश्चिमेस: खुली जागा’, आणि चौदा दिवसांची मुदत. कंटाळवाणं वाटतं, पण गिरणगावच्या चाळींचे टॉवर कसे झाले याचा मोठा इतिहास त्या चौकटींत दडलाय. इंग्रजी पत्राशेजारी मराठी भावंड जगवायला हा पैसा उपयोगी पडतो. भाषेचं प्रेम वगैरे नंतर.

सेक्रेटरींसाठी एकच सूचना: मराठी मसुदा एजंटवर सोडू नका. एका सोसायटीच्या नोटिशीत मयत सभासदाऐवजी हयात अध्यक्षांचं नाव छापून आलं होतं. शुद्धिपत्रकाचे पैसे परत भरावे लागले.

मालक एक, तर मतही एकच असतं का?

सर्वांत जास्त भांडणं याच प्रश्नावर होतात. काकांचं ठाम मत असं की सकाळी शेठजी फोन करतो आणि संध्याकाळी अग्रलेख येतो. बावीस वर्षांत मी असा फोन ऐकलेला नाही. मला दिसलं ते याहून संथ होतं. कोणत्या विषयाची बातमी केली की ती पान सातवर जाते, हे सहा महिन्यांत प्रत्येक उपसंपादकाला आपोआप कळतं. मग फोनची गरजच पडत नाही.

तरी भाषा बदलली की पेपर बदलतो, हे खरं आहे. गोविंद तळवलकर १९६८ पासून १९९६ पर्यंत ‘महाराष्ट्र टाइम्स’चे संपादक होते. त्यांचे अग्रलेख हे शेजारच्या इंग्रजी अग्रलेखांचे अनुवाद नव्हते, आणि तसं कोणी सुचवलं असतं तर काय झालं असतं याची कल्पना त्यांना वाचलेल्यांना करता येईल. इंग्रजी पेपरचा वाचक मलबार हिलवर आहे असं जाहिरात विभाग धरून चालतो, मराठीचा डोंबिवलीत. लोकलच्या पासाची दरवाढ एकाकडे आतल्या पानावर जाते आणि दुसऱ्याकडे आठ कॉलम होते. मालक तोच.

भावंडांत काय सामायिक असतं ते विचारा: कागदाची खरेदी, छापखाना, टेम्पो, जाहिरात खातं, कँटीन, आणि अलीकडे मजकूर. शेवटच्याचा मला अनुभव आहे. गिरणगावातल्या खाणावळींवर मी रविवारसाठी एक लेख केला होता. सहा शनिवार घालवले, करी रोडपासून लालबागपर्यंत पायपीट केली, एका खाणावळवाल्या मावशींनी उधारीची वही उघडून दाखवली तेव्हा कुठे लेख उभा राहिला. तीन आठवड्यांनी आमच्या समूहाच्या इंग्रजी पत्रात तोच लेख, तीच मावशी, तीच वही. नाव दुसऱ्याचं. पोळीचा पॅनकेक झाला होता. मी लेखाशाखेत गेले तर तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं, ‘‘मॅडम, मजकूर समूहाचा असतो. करार वाचा.’’ वाचला. खरंच तसं होतं. संपादकांनी चहा पाजला, मानधन नाही. नोकरीचा करार करताना मजकुरावर हक्क कोणाचा आणि भाषांतर छापलं तर नाव कोणाचं, हे पोरांनो, आधी विचारा.

उलटंही घडतं. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर उघडकीला आलं की एकमेकांशी मालकीचा संबंध नसलेल्या मराठी पेपरांत एकाच नेत्याची स्तुती शब्दन्‌शब्द सारखी छापून आली होती. पुढच्या वर्षी पेपरांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने विकाऊ बातम्यांवर अहवाल दिला. तेव्हा मजकूर सारखा दिसला की मालक एकच, हाही हिशोब चुकतो.

मराठी पेपरचे मालक मराठी का नसतात?

काही असतात: खाडिलकर, पवार, जाधव, ठाकरे. पण मुंबईच्या मोठ्या मराठी दैनिकांत गोएंका आणि जैन आहेत हे खरं, आणि प्रश्नामागचा रागही मला समजतो.

कारण रोकड्याचं आहे. रोटरी यंत्र, महिनोन्‌महिने पुरेल इतका कागद आणि पहिली काही वर्षं तोटा सोसायची ताकद, एवढं लागतं. ज्याच्याकडे इंग्रजी पेपर आधीच चालतोय त्याला मराठी पेपर काढणं स्वस्त पडतं, कारण यंत्र, इमारत आणि जाहिरातदार तयार असतात. मराठी माणसाकडे लेखणी होती, यंत्र नव्हतं. आचार्य अत्र्यांनी १५ नोव्हेंबर १९५६ ला मराठी दैनिक ‘मराठा’ काढला (१८८१ चा पुण्याचा इंग्रजी ‘मराठा’ वेगळा), संयुक्त महाराष्ट्राच्या ऐन धुमाळीत. लेखणी, आवाज, खप सगळं होतं. पण मालकही तेच, संपादकही तेच आणि पेपरचा प्राणही तेच. १९६९ मध्ये ते गेले आणि त्यांच्या मागे ‘मराठा’ फार काळ तगला नाही. समूहाचा एक फायदा मान्य करायला हवा: एक माणूस गेल्याने पेपर बंद पडत नाही.

मोठ्या समूहांना सरकारने कधी आवर घातला का?

घालून बघितला, कोर्टात हरलं. पहिली मोठी लढाई मराठी पेपरनेच लढली. न्या. ग. स. राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या प्रेस कमिशनने १९५४ मध्ये सुचवलं की पानं आणि किंमत यांचं प्रमाण ठरवावं, म्हणजे श्रीमंत पेपर जास्त पानं स्वस्तात देऊन लहानांना मारणार नाहीत. हेतू चांगला होता. १९५६ मध्ये कायदा आला, १९६० मध्ये आदेश निघाला. ‘सकाळ’ तेव्हा सात नव्या पैशांना मिळत होता. आदेशाप्रमाणे एक तर त्याला पानं कापावी लागणार होती, नाहीतर किंमत वाढवावी लागणार होती. ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६१ मध्ये जिंकला. न्यायालयाने म्हटलं त्याचा मथितार्थ असा: पानं आणि खप यांवर बंधन आणणं म्हणजे अभिव्यक्तीवरच बंधन. गंमत अशी, की लहानांना वाचवायला आणलेला आदेश एका प्रादेशिक पत्राने मोडून काढला.

दुसरी लढाई थेट भावंडांवरच होती. कागद तेव्हा कोट्याने मिळायचा. १९७२-७३ च्या कागद धोरणात ‘समान मालकीचा गट’ अशी व्याख्या होती. अशा गटाने आपल्या मंजूर कोट्यातूनसुद्धा नवं पत्र किंवा नवी आवृत्ती काढायची नाही, एका भावंडाचा उरलेला कागद दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि पानं दहाच्या वर न्यायची नाहीत. बेनेट कोलमन कंपनी कोर्टात गेली. ३० ऑक्टोबर १९७२ ला सर्वोच्च न्यायालयाने ही बंधनं रद्द केली. आज एका समूहाची पाच भाषांतली पत्रं फुटपाथवर शेजारी पडलेली दिसतात, त्याला त्या निकालाने वाट मोकळी करून दिली. निकाल तत्त्वाला धरूनच होता असं मला वाटतं. त्याचा फायदा कोणाला जास्त झाला हेही दिसतंच.

पेपर, चॅनेल, रेडिओ सगळं एकाच मालकाकडे असायला मर्यादा नाही का?

या सगळ्यांना मिळून लावलेली मर्यादा कायद्यात नाही. दूरसंचार आणि प्रसारणाचं नियमन करणाऱ्या ट्रायने २००९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१४ मध्ये शिफारशी केल्या, त्या फायलीत राहिल्या. परदेशी पैशावर मात्र मर्यादा आहे: १९५५ पासून तो पूर्ण बंद होता, २००२ मध्ये बातम्यांच्या छापील पत्रांत २६ टक्क्यांपर्यंत वाट उघडली.

राजकीय नेत्याला पेपर काढता येतो का?

येतो, बंदी नाही. पद आलं की नाव बदलतं एवढंच. उद्धव ठाकरे नोव्हेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा त्यांनी ‘सामना’चं संपादकपद सोडलं, १ मार्च २०२० पासून रश्मी ठाकरे संपादक झाल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये उद्धव पुन्हा आले. पक्ष फुटला तेव्हा लोकांनी मला विचारलं, आता ‘सामना’ कोणाचा? पक्षाचं चिन्ह निवडणूक आयोग ठरवतो. पेपर कोणाचा ते प्रिंटलाइन ठरवते, आणि तिथे प्रबोधन प्रकाशन होतं.

भावंड विकतात किंवा बंद करतात ते कशावरून ठरतं?

विक्रीचं उदाहरण ‘मिड-डे’. १९३८ मध्ये अब्दुल हमीद अन्सारींनी उर्दू ‘इन्किलाब’ काढला, १९७९ मध्ये त्याच घरातून इंग्रजी ‘मिड-डे’ आला, पुढे गुजराती ‘मिड-डे’. २०१० मध्ये हा सगळा संसार कानपूरच्या जागरण प्रकाशनाकडे गेला. हिंदी पट्ट्यातल्या समूहाच्या हाती मुंबईचा उर्दू पेपर आला आणि नंतर ‘इन्किलाब’च्या उत्तर भारतात आवृत्त्या निघाल्या.

बंद होण्याचं उदाहरण बघायचं तर २००५ आठवा. मेअखेरीस टाइम्स समूहाने ‘मुंबई मिरर’ काढला, जुलैत ‘हिंदुस्थान टाइम्स’ मुंबईत आला आणि झी व दैनिक भास्कर यांच्या भागीदारीतला ‘डीएनए’ ३० जुलैला, म्हणजे २६ जुलैच्या प्रलयानंतर चौथ्या दिवशी. रस्त्यावर गाद्या वाळत होत्या आणि त्यांच्या शेजारी नवा पेपर विकत होते. ‘मिरर’ कित्येक घरांत मोठ्या भावाबरोबर फुकट पडायचा. फुकटचं भावंड हा प्रतिस्पर्ध्याला रोखायचा बांध असतो, निदान मला तरी तेव्हा तसंच दिसलं. ‘डीएनए’ची मुंबईतली छपाई ऑक्टोबर २०१९ मध्ये थांबली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये, ‘मिरर’चं दैनिक बंद करून साप्ताहिक करायचं जाहीर झालं. करोनाने जाहिराती आटल्या होत्या, आणि ज्याला अडवायचं तो शत्रूही उरला नव्हता.

नोकरी पेपरात असते की समूहात?

मालक सोयीप्रमाणे दोन्ही म्हणतो: बदली करायची असली की समूह एक, पगारवाढ मागितली की प्रत्येक आवृत्ती वेगळी कंपनी. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याला १९८९ मध्ये यावर एक अनुसूची जोडली होती: एकाच नियंत्रणाखालच्या दोन किंवा अधिक वृत्तपत्र आस्थापना एकच मानाव्यात. पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाचा निवाडा २०११ मध्ये अधिसूचित झाला आणि ७ फेब्रुवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. तोवर माझ्या पिढीतले बरेच जण करारावर गेले होते.

चुकीच्या बातमीची तक्रार समूहाकडे करायची का?

नाही. ज्या पत्रात बातमी आली त्याच्याच संपादकाला आधी लेखी कळवा, कात्रण जोडा. दाद लागली नाही तर प्रेस कौन्सिल. दैनिकाच्या बाबतीत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत. भावंडाच्या संपादकाला प्रत पाठवून काही होत नाही, तो ती वाचून हसतो.

जुने अंक, जुन्या प्रिंटलाइन कुठे बघायला मिळतील?

आमच्याकडे नाहीत, इथे महिनाअखेर रद्दी जाते आणि त्या पैशांतून पुढच्या महिन्याचा एक पेपर येतो. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय गाठा, १८९८ चं आहे. इंग्रजी आणि एकोणिसाव्या शतकातलं हवं असेल तर टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी. तिथल्या पायऱ्या उतरलात की समोर हॉर्निमन सर्कल. वळणावरच्या लाल इमारतीत ‘मुंबई समाचार’चं कार्यालय आहे, आणि गुजराती वाचता येत असेल तर त्या दिवसाचा अंक तिथेच घेऊन शेवटच्या पानाच्या तळापासून वाचायला सुरुवात करा.